सहा पौंड आणि ऐंशी रुपये

मैत्रिणींनो,



आपल्याकडे संपादकीय पाळीपाळीने लिहायची पद्धत आहे. या अंकाला पाळी माझी आली. लिहायला बसले तेव्हा डोक्यात दोन गोष्टी घोळत होत्या. त्यांचा एकमेकींशी काय संबंध, हे मला लिहिता लिहिताच उमगत गेलं.

पहिली गोष्ट आपल्या घरातली. वस्तीतल्या ज्या बायका घरी बसून टिकल्यांची पाकिटं भरतात, तयार शर्टांचे धागे कापतात, राखीच्या दिवसांत मणी ओवतात, त्यांच्याबरोबर आपण चार वर्षं काम करतो आहोत. या कामासाठी एका मोठ्या कंपनीने देणगी देऊ केली आहे. शिवणयंत्रं, प्रशिक्षण, वर्षभराचा खर्च, सगळं. ती घ्यावी की नाही यावर आपल्या बैठकीत दोनदा कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या वेळी तर चहा तसाच गार होऊन गेला.

दुसरी गोष्ट एका परदेशी बाईची. ९ ऑगस्ट २०२५ रोजी इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली वारल्या. वय ९१. कॉम्प्युटरची कंपनी काढून मोठ्या झालेल्या, श्रीमंत झालेल्या आणि मग ती श्रीमंती वाटून टाकलेल्या. मी त्यांच्याविषयी बैठकीत सांगायला लागले आणि सवयीने 'स्टीव्ह शर्ली' म्हणाले. त्यावर आपल्यातली एक नवी कार्यकर्ती पटकन म्हणाली, "ताई, आपण पुरुष उद्योगपतींचं कौतुक कधीपासून करायला लागलो?" सगळ्या हसल्या. पण तिची चूक नव्हती. ते नाव मुळात घेतलंच होतं लोकांचा असा गैरसमज व्हावा म्हणून.

त्यांचं जन्माचं नाव व्हेरा बुखथाल. जन्म १९३३ सालचा, जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरातला. वडील ज्यू, न्यायाधीश होते. नाझींनी नोकरी काढून घेतली. भटकत भटकत कुटुंब व्हिएन्नाला पोहोचलं आणि १९३९च्या उन्हाळ्यात आईवडिलांनी पाच वर्षांच्या व्हेराला आणि नऊ वर्षांच्या तिच्या बहिणीला एका आगगाडीत बसवून दिलं. नाझींच्या तावडीतून मुलांना सोडवून इंग्लंडला नेणाऱ्या त्या गाड्या. सुमारे दहा हजार मुलं अशी वाचली, त्यातली बहुतेक ज्यू. त्यांतल्या कितीतरी मुलांचे आईबाप नंतर छळछावण्यांत मेले. या दोघींचे वाचले, पुढे भेटलेही. पण पाचव्या वर्षी सुटलेला हात पुन्हा तसा हातात आला नाही, असं त्या मोकळेपणाने सांगत. मधल्या काळात मिडलँड्समधल्या एका जोडप्याने दोघींना पोटच्या मुलींसारखं वाढवलं होतं.

मुलींच्या शाळेत विज्ञान म्हणजे फक्त वनस्पतिशास्त्र. फुलं-पानं मुलींना शोभतात ना! या मुलीला गणित आवडायचं, तेव्हा खास परवानगी काढून ती गणिताच्या तासाला मुलांच्या शाळेत जाऊन बसायची. अठराव्या वर्षी पोस्ट खात्याच्या डॉलिस हिल इथल्या संशोधन केंद्रात नोकरी धरली, तिथेच कॉम्प्युटरशी गाठ पडली. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग, असं सहा वर्षं करून गणिताची पदवी मिळवली. बाईने एका पायरीपर्यंत चढायचं आणि तिथेच थांबायचं, हा तिथला न लिहिलेला नियम त्यांना लवकरच कळला.

१९५९मध्ये डेरेक शर्ली यांच्याशी लग्न झालं. १९६२मध्ये त्यांनी घरातल्या जेवणाच्या टेबलावर स्वतःची कंपनी सुरू केली. नाव 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स'. भांडवल सहा पौंड. त्या काळात कॉम्प्युटर विकत घेतला की प्रोग्रॅम बरोबर फुकट मिळत. नुसत्या प्रोग्रॅमला वेगळे पैसे कोण देणार, म्हणून लोक हसले, आणि विकणारी बाई आहे म्हणून आणखी हसले. 'स्टेफनी शर्ली' अशी सही करून पाठवलेल्या पत्रांना उत्तरंच यायची नाहीत. मग नवऱ्याने सुचवलं, 'स्टीव्ह' अशी सही करून बघ. उत्तरं यायला लागली. दाराशी उभा राहिलेला 'स्टीव्ह' म्हणजे बाई आहे हे कळेपर्यंत त्या खोलीच्या आत पोहोचलेल्या असायच्या. बँकेत खातं उघडायलाही नवऱ्याची परवानगी लागत होती, हे त्या पुढे भाषणांमध्ये नेहमी सांगत.

आता खरी गंमत पुढे आहे. त्यांनी कामाला कुणाला घेतलं? लग्न झालं म्हणून, मूल झालं म्हणून नोकरी सुटलेल्या, शिकलेल्या, आधी हेच काम केलेल्या बायकांना. काम त्यांच्या घरी पोहोचवायचं. प्रोग्रॅम तेव्हा पेन्सिलीने कागदावर लिहायचा, तो पोस्टाने पाठवायचा, मग त्याची कार्डं पंच होऊन दुसरीकडच्या यंत्रावर चालायची. म्हणजे घरात कॉम्प्युटर असायची गरजच नव्हती. नोकरीसाठी आलेल्या बाईला एक प्रश्न हमखास विचारत, 'तुमच्याकडे टेलिफोनची सोय आहे का?' (आपल्याकडे हा प्रश्न अगदी नव्वद सालापर्यंत विचारला असता तरी निम्म्या जणी तिथेच बाद झाल्या असत्या. माझ्या माहेरी फोन आला तेव्हा पेढे वाटले होते.) शर्लीबाईंच्या स्वतःच्या घरात तान्हं मूल रडायचं, म्हणून गिऱ्हाइकाचा फोन आला की त्या टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवत. समोरच्याला वाटावं, केवढं मोठं ऑफिस!

पहिल्या तीनशे कामगारांत पुरुष फक्त तीन. आणि या बायकांनी घरी बसून काय केलं म्हणाल, तर मालगाड्यांची वेळापत्रकं बसवली, कारखान्यांच्या मालसाठ्याचे हिशेब बसवले आणि कॉन्कॉर्ड या आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंगसुद्धा केलं. जगातल्या सगळ्यात आधुनिक विमानाचा एक भाग स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शेजारी बाळाचा पाळणा ठेवून तयार होत होता, आणि त्या विमानात बसणाऱ्या साहेबांना याचा पत्ताही नव्हता.

हे सगळं वाचताना मला त्या सहा पौंडांनी अडवलं. सहा पौंड म्हणजे आपले किती? १९६६च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, त्याआधी रुपयाची किंमत एक शिलिंग सहा पेन्स होती. पौंडाचे शिलिंग वीस. म्हणजे एका पौंडाला तेरा रुपये तेहतीस पैसे. सहा पौंडांचे झाले बरोबर ऐंशी रुपये.

ऐंशी रुपये! हा आकडा कुठे ऐकलाय, असं वाटलं ना? मलाही वाटलं. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका जमल्या आणि उसन्या घेतलेल्या ऐंशी रुपयांवर त्यांनी पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तोच पुढचा 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड'. त्या सातजणींपैकी एक जसवंतीबेन पोपट, त्यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. तीन वर्षांच्या अंतराने, एकमेकींचं नावही न ऐकलेल्या बायकांनी, एकीने इंग्लंडच्या टेबलावर आणि सातजणींनी गिरगावच्या गच्चीवर, पैशापैशाने मोजलं तर अगदी तेवढ्याच भांडवलावर सुरुवात केली होती. योगायोग आहे, दुसरं काही नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

कारण घरी बसून केलेल्या कामाबद्दल आपल्या चळवळीचं मत कधीच सरळ नव्हतं. आपण वर्षानुवर्षं सांगत आलो की बाईने उंबरठ्याबाहेर पडलं पाहिजे. चार भिंतींतलं काम मोजलं जात नाही, त्याला साक्षीदार नसतात, तिथे संघटना उभी राहत नाही. हे खोटं नाही. माझी आई साड्यांना फॉल लावायची, पिको करायची, आमच्या शाळेच्या फिया त्यातून भरल्या गेल्या. पण कुणी विचारलं की ती म्हणायची, "मी काही करत नाही, घरीच असते." जनगणनेचा माणूस दारात आला तेव्हा वडिलांनीही तेच सांगितलं, आणि आईने मान डोलावली. मशीन तिच्या मागेच होतं.

आणि कोविडच्या दोन वर्षांत 'घरून काम' हा शब्द मध्यमवर्गात प्रतिष्ठित झाला तेव्हा मी थोडी चिडलेच होते. वस्तीतल्या बायका पिढ्यान्पिढ्या घरूनच काम करत होत्या, तेव्हा त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. साहेबलोक लॅपटॉप घेऊन घरी बसले तेव्हा त्याला नाव मिळालं, नियम मिळाले, खुर्चीचा भत्तासुद्धा मिळाला!

तेव्हा घर हीच बाईची अडचण आहे असं म्हणून चालत नाही. लिज्जतची बहीण सकाळी शाखेतून मळलेलं पीठ घरी नेते, पापड लाटते, दुसऱ्या दिवशी परत देते आणि लाटण्याची मजुरी घेऊन नवं पीठ उचलते. आपल्या वस्तीतली बाई टिकल्यांचा माल उचलते, पाकिटं भरते, परत देते आणि मजुरी घेते. रस्त्यावरून बघणाऱ्याला दोघींत काही फरक दिसणार नाही. पण लिज्जतची बहीण त्या संस्थेची मालकीण आहे. नफा झाला तर तिचा वाटा आहे, तोटा झाला तर तोही. कारभार पाहणारं २१ जणींचं मंडळ तिच्यासारख्या बहिणींचंच आहे. ड्रायव्हर, हिशेबनीस पुरुष असू शकतात, पण ते पगारी नोकर. सभासद फक्त बाई. वस्तीतल्या बाईला मात्र आपण भरलेलं पाकीट बाजारात कितीला विकलं जातं हेसुद्धा माहीत नसतं. दर ग्रोसवर ठरतो, ग्रोस म्हणजे एकशे चव्वेचाळीस नग. माल आणणारा सुपरवायझर सांगेल तो दर. एखादा नग खराब निघाला तर पैसे कापायचे, आणि खराब कुठला हे त्यानेच ठरवायचं. कागदावर काहीच नाही. १९६६च्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या बाईला निदान कामगार तरी मानलं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी काम करणाऱ्यांसाठीचा ठराव १९९६मध्ये केला, त्यासाठी अहमदाबादच्या 'सेवा'ने जिवाचं रान केलं. आपल्या सरकारने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

शर्लीबाईंच्या कंपनीतही सगळं गोड नव्हतं, हेही सांगायला हवं. नावच फ्रीलान्स. काम असेल तर पैसे, नसेल तर नाही. ऑफिसचं भाडं वाचायचं ते कंपनीचं. शिवाय त्यात गरीब बाई कुठेच नव्हती. शिकलेल्या, मध्यमवर्गीय, टेलिफोन असलेल्या बायकांची ती दुनिया. आणि मला सगळ्यात खटकलं ते असं की प्रोग्रॅम लिहून झाला की भांडी तिनेच घासायची होती. मूल झोपलं की काम, काम संपलं की मूल. नवऱ्यांचं वेळापत्रक कुठे बदललेलं दिसत नाही. मी हे सगळं रात्री साडेअकराला लिहिते आहे, लेक शेजारी झोपली आहे, तेव्हा मला यावर उगाच फार शहाणपण सांगायचा अधिकार नाही.

याच मुद्द्यावर एक मजेदार वळण आलं. १९७५मध्ये ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा कायदा झाला, आपल्याच बहिणींनी लढून करून घेतलेला. त्या कायद्याप्रमाणे फक्त बायकांना काम देणारी ही कंपनीच बेकायदेशीर ठरली! पुरुषांना दार उघडावं लागलं. तेव्हा कंपनीने आपलं धोरण बदललं. 'मुलं असलेल्या स्त्रियांसाठी' काम, याऐवजी 'ज्यांच्यावर कुणी अवलंबून आहे अशा माणसांसाठी' काम. मी हे वाक्य दोनदा वाचलं. मूल, म्हातारी आई, आजारी भाऊ यांना सांभाळणं हे बाईचं असं न म्हणता माणसाचं काम आहे, हे एका कंपनीच्या धोरणात आलं ते कायद्याच्या धक्क्याने, पण आलं.

त्यांच्या स्वतःच्या घरी हा प्रश्न फार जवळ होता. मुलगा जाइल्स १९६३ साली जन्मला. अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलायला लागला होता, ते बोलणं हळूहळू गेलं. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. त्या काळी 'आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं' असंच डॉक्टरसुद्धा म्हणत. पुढे त्याला फिट्स यायला लागल्या, किशोरवयात तो आवरेनासा झाला, आणि शेवटी त्याला मोठ्या इस्पितळात ठेवावं लागलं. कंपनीची मालकीण, पुरस्कार मिळवणारी ही बाई त्या दिवसांत पूर्ण कोसळली, तिला स्वतःलाच इस्पितळात राहावं लागलं. हे त्यांनी कधी लपवलं नाही. आपल्या गटातल्या एका ताईंचा मुलगा असाच आहे. शेजारी त्याला 'वेडसर' म्हणतात, आणि सासू म्हणते की हिच्याच माहेरचा दोष. मी त्यांना शर्लीबाईंची ही हकिगत सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "एवढ्या पैसेवालीचंसुद्धा असंच झालं?"

आता पैशांकडे येते, कारण देणगीचा प्रश्न तिथेच आहे.

शर्लीबाई दानशूर म्हणून प्रसिद्ध आहेत. १९८६मध्ये त्यांनी एक न्यास काढला. जाइल्ससारख्यांना इस्पितळाऐवजी साध्या घरात राहता यावं म्हणून संस्था काढली, तिचा पहिला रहिवासी तोच होता. १९९८मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला. त्यानंतर वर्षभरात ऑटिझम असलेल्या मुलांची प्रायर्स कोर्ट ही शाळा सुरू झाली, २००४मध्ये संशोधनाला पैसे पुरवणारी 'ऑटिस्टिका'. ऑक्सफर्ड विद्यापीठात २००१मध्ये इंटरनेटचा समाजावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करणारी संस्था त्यांच्या देणगीतून उभी राहिली. एकूण जवळजवळ सात कोटी पौंड देऊन झाले आणि २०१८मध्ये न्यासाचं काम संपवून तो बंदच केला. परक्यांनी आपला जीव वाचवला, तेव्हा तो वाचवण्यालायक होता असं जगायला हवं, अशी त्यांची भावना होती. यात मला नाटकीपणा वाटत नाही.

पण वर्तमानपत्रांनी त्यांच्या मृत्यूनंतर दानाबद्दल जितकं लिहिलं, तितकं त्याआधीच्या गोष्टीबद्दल नाही. आणि मला ती आधीचीच गोष्ट मोठी वाटते. कंपनी चालायला लागल्यावर त्यांनी आपल्या शेअरचा चौथा हिस्सा कामगारांच्या नावे केला, एक पैसा न घेता. तो वाटा वाढत वाढत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीचा ताबाच कामगारांकडे गेला. १९९३मध्ये त्या निवृत्त झाल्या, १९९६मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. त्या कंपनीत काम करणारी सत्तर माणसं दहा-दहा लाख पौंडांची धनी झाली. त्यांतल्या कितीतरी जणी एके काळी मूल मांडीवर घेऊन पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहिणाऱ्या. जॉन लुइस ही तिथली दुकानांची कंपनी तिच्या कामगारांच्याच मालकीची आहे, पुढे तिच्या संचालक मंडळावरही शर्ली होत्या. म्हणजे हा एकदाच आलेला उमाळा नव्हता, विचार होता.

(शेअर बाजारात गेल्यावर कंपनीची चालही बाजाराचीच झाली, हे खरं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिने नॉयडातली एक कंपनी विकत घेतली आणि काम आपल्याकडे आलं, कारण आपण स्वस्त. पुढे नाव बदललं आणि २००७मध्ये एका फ्रेंच कंपनीने ती सगळीच घेतली. डायनिंग टेबलावर सुरू झालेली गोष्ट आपल्या नॉयडा-चेन्नईच्या काचेच्या इमारतींत येऊन पोहोचली ती अशी. त्यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं.)

दान आणि वाटा यांत फरक काय? एम.एस.डब्ल्यू.ला असताना आमच्या सरांनी 'कल्याण' आणि 'हक्क' यांवर दोन तास व्याख्यान दिलं होतं. परीक्षेत मी ते चांगलं लिहिलंही. पण कळलं ते परवा, वस्तीत. देणगी देऊ केलेल्या कंपनीचं नाव मी तिथल्या बायकांना सांगितलं, तेव्हा एक बाई उठली, आत गेली आणि धागे कापायला आलेला शर्टांचा गठ्ठा घेऊन आली. कॉलरच्या आतलं लेबल उलटं करून तिने माझ्यापुढे धरलं. तेच नाव.

मधे दोन-तीन ठेकेदार आहेत, कंपनीला कदाचित या बाईचं अस्तित्वही माहीत नसेल. २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, त्यातलेच हे पैसे. तिचे धागे कापण्याचे पैसे जिथे कमी पडले, तिथूनच नफा वाढला, आणि त्या नफ्याचे दोन टक्के 'गरजू महिलांच्या सक्षमीकरणासाठी' तिच्याकडे परत येणार, बरोबर एक फलक आणि एक फोटोग्राफर घेऊन. ती बाई एवढंच म्हणाली, "मॅडम, मशीन नको. आहे माझ्याकडे. दर किती वाढवणार ते विचारा."

बैठकीत दोन बाजू आहेत, आणि दोन्ही बाजूंना माझ्यापेक्षा जास्त वर्षं काम केलेल्या ताया आहेत. एक बाजू म्हणते, पैसा कुठूनही येवो, या वर्षी संस्थेच्या दोन कार्यकर्तींचा पगार देणं अवघड आहे, तत्त्वं सांगून त्यांच्या घरची चूल पेटणार नाही. परदेशी निधीचे नियम कडक झाल्यापासून आपली काय ओढाताण चालली आहे ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरी बाजू म्हणते, एकदा त्यांचे पैसे घेतले की त्यांच्या ठेकेदाराविरुद्ध आपण तोंड उघडू शकणार नाही. मला पहिल्या बैठकीत पहिली बाजू पटत होती. लेबल पाहिल्यावर पटत नाही. पण पगाराचा प्रश्न मी सोडवलेला नाही, हेही कबूल करते.

तूर्त मी आणि आणखी दोघींनी मिळून कंपनीला पत्राचा मसुदा केला आहे. देणगी नाकारलेली नाही. त्याआधी चार गोष्टी विचारल्या आहेत. शर्टामागे धागे कापण्याचा दर किती धरला आहे आणि त्यातला घरी काम करणाऱ्या बाईपर्यंत किती पोहोचतो. तो दर लेखी, मराठीत, तिच्या हातात मिळेल का. खराब नगाचे पैसे कापताना नग तिला दाखवला जाईल का. आणि या बायकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, तर मधला ठेकेदार वगळून कंपनी त्यांना थेट काम देईल का. चौथ्या प्रश्नावर वस्तीतल्या बायका फार वेळ बोलल्या. सहकारी संस्थेला किती जणी लागतात, वर्गणी किती, हिशेब कोण ठेवणार, नवऱ्यांना लांब कसं ठेवायचं. शेवटच्या मुद्द्यावर हशा पिकला.

मसुदा बैठकीत मंजूर झाल्याशिवाय जाणार नाही. म्हणून विनंती, पुढच्या बैठकीला येताना आपापल्या भागात घरी होणाऱ्या कामांचे दर लिहून आणा. ग्रोसवर असेल तर ग्रोसवर, किलोवर असेल तर किलोवर, नगावर असेल तर नगावर. कुठल्या मालावर कुणाचं लेबल आहे तेही पाहा. लेबल बहुतेक वेळा कॉलरच्या आत किंवा बाजूच्या शिवणीत असतं.

तुमची,
संपादक मंडळातर्फे